एका मापाचे दोन गणवेश

शाळा उघडायची वेळ आली की इतर घरांत वह्या-पुस्तकं येतात, आमच्या घरात निळ्या कापडाचे तागे येतात. जिन्यात तागे, पलंगाखाली तागे. एकदा तर न्हाणीघराच्या दाराशी तागा उभा होता आणि दादा झोपेत त्याला "सरका जरा" म्हणाला होता. माझी वहिनी गणवेश शिवते. खालच्या खोलीत तिची दोन मशिनं, कापायचं टेबल आणि खिडकीशी माझी खुर्ची. काजं करणं, बटणं लावणं, दोरे तोडणं ही कामं माझी. न विचारता मत देणं हेही माझंच. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मुलांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही असं लोकांना वाटतं. म्हणून मी जरा जास्तच बोलते.

वहिनीच्या गळ्यात कायम टेप असते. बाजारात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे. एका लग्नाच्या फोटोत ती टेप घालून नवरीशेजारी उभी आहे आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय सुरेख हार आहे. ती शाळेत पाचवीपर्यंतच रमली, पुढे आठवीत सुटली. पण समोरून मूल चालत गेलं की त्याचा कोणता खांदा उतरता आहे ते हिला दिसतं. "अहो, त्या मुलाचा डावा हात लांब आहे," असं ती दादाला भर रस्त्यात सांगते, आणि दादा, जो बस चालवतो आणि ज्याला आयुष्यात फक्त आरशात काय दिसतं याचीच काळजी असते, तो म्हणतो, "अगं, हळू बोल."

गणवेशाचा एक नियम सगळ्या आया सांगतात: वाढत्या अंगाचा शिवा. वहिनीही तसाच शिवते. खांद्याला मोकळा, अंगात ढगळ, खाली चार बोटं दुमड. मूल वर्षभर त्यात वाढत राहतं. वर्षाच्या सुरुवातीला सगळी शाळा थोरल्या भावंडांचे कपडे घालून आल्यासारखी दिसते.

तिला जुळ्या मुली आहेत. थोरली आणि धाकटी. दोघींत अंतर किती, तर गरम चहा पिण्याजोगा व्हावा एवढं, पण थोरलीने तेवढं अंतर आयुष्यभर पुरवून वापरायचं ठरवलंय. ती बोलते, पळते, भांडते, दारावरची बेल वाजली की पहिली धावते. धाकटी घरात तिच्याइतकीच बडबडी आहे, किंबहुना नकला तीच चांगल्या करते. माझ्या काज करताना ओठ चावण्याची नक्कल तिने केली तेव्हा मी आठवडाभर तिच्यावर रुसले होते. पण उंबरठा ओलांडला की धाकटीचा आवाज घरीच राहतो. शाळेत हजेरीला तिचं नाव आलं की शेजारून थोरलीच "हजर" म्हणते. आधी स्वतःचं, मग बहिणीचं. बाईंनाही ते सोयीचं वाटलं, काम लवकर उरकतं. 'शांत मुलगी आहे,' असं प्रत्येक वर्षी आम्हाला सांगण्यात आलं आणि आम्ही ते कौतुक समजून घरी घेऊन आलो.

मागल्या वर्षी धाकटीचं सकाळी पोट दुखायला लागलं. आधी सोमवारी, मग रोज. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काही नाही म्हणाले. थोडी बारीक आहे, खाऊपिऊ घाला, म्हणाले. वहिनीला ते लागलं. "थोरली बघा कशी भरली आहे. एकाच घरातलं एकच अन्न आहे हो," ती म्हणाली. आणि खरंच होतं ते. डबे रोज दोन जायचे आणि दोन्ही चाटूनपुसून रिकामे यायचे.

अशातच चष्म्याच्या दुकानातल्या बाई एका सकाळी आल्या. दरवर्षी मुलाचं माप द्यायला यायच्या.

"यंदा गणवेश नको," त्या म्हणाल्या. "आम्ही त्याला आता घरीच शिकवतोय."

वहिनीची कात्री कापडात मध्येच थांबली. कापताना थांबायचं नसतं, कड दातेरी होते, हे तीच मला शंभरदा सांगते. "घरी म्हणजे? शाळेतच नाही पाठवणार?"

"शाळेला कळवायचं, वर्षातून एकदा बाहेर परीक्षा द्यायची. चालतं तसं." बाई अगदी साखर संपली असं सांगावं तशा सहज बोलत होत्या. "आता सकाळी रडत नाही तो."

त्या गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ त्या अर्धवट कापाकडे बघत बसली. त्या दिवसापासून आमच्या घराचा जीव टांगणीला लागला.

दादाला ही कल्पना ऐकल्याबरोबर पटली, आणि त्याला पटली म्हणूनच मला पटली नाही. दादा गॅस बंद आहे का हे तीनदा बघतो, मग कुलूप, मग पुन्हा गॅस. त्याच्या हातात असतं तर त्याने मुलींना शाळेतच काय, खिडकीतसुद्धा उभं केलं नसतं. "दोघींनाही काढू," तो म्हणाला. "दोघींना वेगळं करायचं नाही. त्या एकत्र असल्या की मला काळजी नाही."

"थोरलीला काय झालंय?" मी विचारलं. "ती तर रविवारी शाळा का नसते म्हणून भांडते. एकीच्या डोक्याला दुसरीचं बाशिंग बांधताय का?"

"मग एकटीला घरी ठेवायचं? तिला वाटेल, माझ्यातच खोट आहे."

वहिनीला दोन्ही पटत होतं, हीच तिची पंचाईत. मग ती गिऱ्हाइकांना विचारत सुटली. माप घेताना हात वर करायला लावायची आणि हळूच विषय काढायची. औषधाच्या दुकानातल्या ताई म्हणाल्या, मुलं घरी राहिली की लाजाळू होतात. शेजारचे सुतारकाका म्हणाले, शाळेत जाऊनच मी असा झालो, तेव्हा काढाच. एक आजी म्हणाल्या, दोन चापट्या द्या, पोटदुखी पळते. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं, पण मनाला तरी काहीतरी म्हणता आलं पाहिजे ना. वहिनीचं मन नुसतं कापडावरच्या खडूसारखं इकडे एक रेघ, तिकडे एक रेघ, आणि दोन्ही पुसून टाकायचं.

माझं मत मात्र पक्कं होतं. शाळा म्हणजे नुसती पुस्तकं नसतात. चार भांडणं, चार मैत्रिणी, एखादी खडूस बाई, हे सगळं अंगावर घेतल्याशिवाय माणूस तयार होत नाही. मी तसं ठणकावून सांगितलं. वहिनी चिडली की मला 'वन्सं' म्हणते, एरवी नावाने हाक मारते. ती म्हणाली, "वन्सं, रोज सकाळी तिच्या पोटावर हात मी ठेवते. तुम्ही नाही."

मी मान खाली घालून दोरे तोडायला लागले. तेवढं मला कळतं.

सुटी लागण्याच्या आधी शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला. पुढच्या वर्षी गणवेश बदलणार होता. ढगळपणा नको, कमरेत बसणारा, पट्ट्याचा, नीटनेटका हवा. नमुने शिवून आणा, दोन मुलींच्या अंगावर घालून दाखवा, म्हणजे पालकांना कळेल. दोन मुली म्हटल्यावर वहिनीने आपल्याच धरल्या. थोरलीला समोर उभं केलं, छाती, कंबर, उंची घेतली. धाकटीला टेप लावायचा प्रश्नच नव्हता. लहानपणापासून तिला टेपेच्या गार टोकाची शिरशिरी येते, ती अंग चोरते, आणि जुळ्या मुली, उंची तीच, त्यामुळे आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच माप घेतलं जातं. थोरलीचं. एक माप, दोन कापडं, दोन्ही ढगळ. आजवर कधी काही अडलं नव्हतं.

नमुने तयार झाले. मी काजं केली, पट्ट्याला बकलं लावली. थोरलीने घालून गिरकी घेतली. बेतून चिकटवल्यासारखा बसला होता. वहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग धाकटीने घातला.

पट्टा शेवटच्या भोकात लावला तरी तो कमरेवरून घसरला आणि खाली पडला. गणवेश खांद्यांवर नुसता टांगलेला होता. वहिनी म्हणाली, "थांब, माझीच शिलाई चुकली." तिने तो काढायला लावला, दोन्ही गणवेश टेबलावर एकावर एक ठेवले. शिवण शिवणीवर आली, कड कडेवर. पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. मला ते बघवेना. चूक कापडात नाही हे मला कळलं होतं आणि तिलाही कळलं होतं, पण ती टाचण्या काढत होती आणि पुन्हा लावत होती.

शेवटी तिने गळ्यातली टेप काढली. टोक हातात धरून गरम केलं आणि धाकटीच्या छातीभोवती फिरवलं. मग कमरेभोवती. आकडा तिने मोठ्याने सांगितला नाही. थोरलीच्या मापात आणि तिच्या मापात माझी अख्खी मूठ बसेल एवढं अंतर होतं. धाकटीचं तोंड मुळातच गोल, वर सदैव ढगळ कपडे, अंघोळ आता एकटी करते. शितावरून भाताची परीक्षा करतात, आम्ही एका पोरीवरून दुसरीची केली होती. सगळ्या गावाच्या मुलांची मापं जिच्या वहीत, तिने आपल्या मुलीला कधी टेप लावली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या खालच्या खोलीत होता.

"डबा खातेस ना तू?" वहिनीने विचारलं.

धाकटी थोरलीकडे बघायला लागली. थोरलीच्या तोंडाचा रंग उडाला.

"मी खाते," थोरली म्हणाली. "तिचा पण मीच खाते. ती म्हणाली आईला सांगू नको, आई रडेल. मग डबा भरलेला कसा आणायचा?"

"रोज?"

"रोज. मला भूक नसली तरी."

मग ते हळूहळू बाहेर आलं. पोटदुखी सुरू होण्याच्या आधी शाळेत जेवणाच्या खोलीत धाकटीला खाताना उलटी झाली होती. तेव्हापासून तिने डबा उघडला की शेजारच्या बाकावरच्या मुली आपले डबे उचलून लांब सरकायच्या आणि बघत राहायच्या, आता होते का, आता होते का. "सगळे बघतात," धाकटी म्हणाली. "बघितलं की गिळता येत नाही. आवाज पण येत नाही." तेवढंच.

वहिनी रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि टेप बोटांना गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मी माझी सगळी ठणकावून दिलेली मतं आठवत होते. चार मैत्रिणी, चार भांडणं. मला माझाच राग आला, आणि मला राग आला की मी चहा करायला उठते, म्हणून उठले.

दादा संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "उद्यापासून दोघी घरी." पण परीक्षा चारच दिवसांवर होती. तेवढे दिवस दादा दुपारी बस डेपोत लावून शाळेत गेला आणि धाकटीला फाटकाबाहेर बाकावर, स्वतःकडे पाठ करून बसवून डबा खायला घातला. तिने खाल्ला. मग सुटी लागली.

सुटीत वहिनीने घरी शिकवून बघायचं ठरवलं. कुणाला काही न कळवता, नुसतं बघायचं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा कापायच्या टेबलाचा कोपरा रिकामा करून धाकटीला बसवायची. मी खोटं कशाला सांगू, पहिले दिवस वाईट गेले. वहिनीला भागाकार सांगता येईना. पुस्तक उलटंपालटं करून ती स्वतःच चुकायची, मग चिडायची, मग धाकटी रडायची, तेवढ्यात कुणीतरी पॅन्टची चेन तुटली म्हणून दारात उभं. एकदा वहिनी इतकी ओरडली की मशीनवरचा दोऱ्याचा रीळ पोरीने भीतीने खाली पाडला.

त्या दिवशी दुपारी वहिनी मला म्हणाली, "शाळेचा तिला राग आला, तर ती घरी तरी येते. उद्या माझा राग आला तर कुठे जाईल ती?"

न विचारता मत देणारी मी, आणि विचारल्यावर माझी दातखीळ बसली.

मग भागाकार दादाने घेतला. तो चुकत नाही, कारण तो प्रत्येक गणित तीनदा तपासतो. वाचन माझ्याकडे आलं. धाकटी मोठ्याने वाचायची, वेगवेगळे आवाज काढून, राक्षसाला सुतारकाकांचा आवाज आणि राजकन्येला मोठ्या बाईंचा. तिचं खाणं वाढलं. आम्ही कुणी तिच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरलं होतं, आणि जेवताना सगळं घर भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसायचं. थोरली मात्र तेव्हा शेजारच्या मुलींबरोबर बाहेर पळत असायची. तिला विचारलं तर म्हणाली, "मला शाळेत जायचंय. मला काय झालंय?" माझंच वाक्य. मला आपलं बरं वाटलं.

शाळा उघडायच्या आधल्या आठवड्यात वहिनी मोठ्या बाईंकडे गेली. मलाही सोबत नेलं. गळ्यात टेप होतीच. मोठ्या बाईंच्या खोलीत आमचेच दोन नमुने भिंतीवर टांगलेले होते, एका मापाचे. बाई वाईट नव्हत्या. जेवणाच्या खोलीचं ऐकून त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि कितीतरी वेळ लावला नाही.

"मी वेगळी बसायची सोय करते तिची," त्या म्हणाल्या.

"वेगळी बसवली की जास्तच बघतील," वहिनी म्हणाली.

"आणि तुम्हाला झेपेल? शिकवणं?"

"नाही माहीत." वहिनीचे हात टेपेवर होते. "मला काहीच नाही माहीत, बाई. पण आता माप मी घेतलंय. ते माहीत असून तिला पुन्हा पाठवणं मला जमत नाही."

सहामाहीपर्यंत जागा ठेवते, मग बघू, असं बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर वहिनी फाटकाशी थांबली. "थोरलीला राहू दे ना?" तिने मला विचारलं. "तिला आवडतं. ती खमकी आहे. तिची काळजी नाही."

"नाही," मी म्हटलं. "तिची काही काळजी नाही."

त्या वर्षी वहिनीने पहिल्यांदा घरासाठी एकच गणवेश कापला. उरलेलं कापड तिने घडी करून ठेवलं आणि घडीवर बराच वेळ हात फिरवत राहिली. शाळेच्या पहिल्या दिवशी थोरली पट्टा आवळून, वेण्या घट्ट घालून निघाली. दादाने तिच्या दप्तराची चेन तीनदा तपासली. धाकटी दारात उभी राहून हात हलवत होती. तिचं पोट दुखत नव्हतं. सकाळभर तिने टेबलाच्या कोपऱ्यावर बसून गणितं केली, मधल्या सुटीच्या वेळेला डबा उघडला, पाव आणि अंडं, सगळं खाल्लं. वहिनी माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, सुटलो.

दुपारी थोरली आली. दप्तर तिने नेहमी फेकते तसं फेकलं नाही. हळूच टेबलाखाली ठेवलं आणि पायाने आत सारलं. वहिनीला ते दिसलं. तिने दप्तर ओढून डबा काढला. जड होता. झाकण उघडलं. सकाळी भरलेले पोहे जसेच्या तसे. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडलेल्या.

"भूक नव्हती," थोरली म्हणाली.

वहिनीने डबा टेबलावर ठेवला. थोरली पट्ट्याच्या बकलाशी चाळा करत होती. बकल मी लावलं होतं, घट्ट होतं, निघत नव्हतं.

"हजेरीला माझं नाव आलं, मी हजर म्हटलं," ती म्हणाली. "मग परत एकदा म्हटलं. बाईंनी तिचं नाव घेतलंच नव्हतं. मला सवय आहे ना. तर सगळे हसले." बकल ओढत ती म्हणाली, "मग डबा खाताना सगळे बघत होते."

वहिनीचा हात आपोआप गळ्यातल्या टेपेकडे गेला आणि तिथेच राहिला. खमकी आहे, काळजी नाही, असं आम्ही दोघी फाटकाशी म्हणालो होतो. मला वाटलं जमीन दुभंगावी. आता हिलाही काढायचं? की तिला परत घालायचं? की चूक मुळातच कुठे होती? मला काहीच समजेना आणि वहिनीच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होईना.

धाकटी खुर्चीवरून उतरली. तिने टेबलावरचा डबा उचलला, काळ्या फोडी बाजूला काढल्या, उरलेलं थोरलीसमोर ठेवलं. मग स्वतः भिंतीकडे तोंड करून तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"खा," ती म्हणाली. "मी बघत नाही."

वहिनीने मशीनमध्ये सुईखाली कापड सरकवलं आणि चाक फिरवलं. मीही मान खाली घालून काज हातात घेतलं. चमच्याचा डब्यावर आवाज झाला. आम्ही कुणीच वर बघितलं नाही.